आठवड्याचे टाचण : भाषा आणि इतिहास एका पानावर

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे तास दिले आहेत. आठवड्याला किमान ४५, आणि त्यांत तयारीचे तास धरलेले. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर वर्गातले तास आठवड्याला सत्तावीसच्या आसपास येतात. म्हणजे सतरा-अठरा तास वह्या तपासणे, वाचन, पुढच्या आठवड्याचा विचार यांसाठी उरावेत, असा कायद्याचा हिशेब दिसतो. प्रत्यक्षात ते कुठे जातात हे कोणत्याही शिक्षक खोलीत अर्धा तास बसले की कळते. पोषण आहाराच्या नोंदी, यूडायसची माहिती, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदार यादीचे काम. टाचण लिहायला मिळते ती रविवारची रात्र, नाहीतर सोमवारी परिपाठाआधीची दहा मिनिटे.

त्यामुळे टाचण म्हटले की आपल्या शाळांत पहिली आठवण येते ती मुख्याध्यापकांच्या सहीची. केंद्रप्रमुख येणार असले की वह्या पूर्ण होतात, ते गेले की पुन्हा कपाटात जातात. वर्षाच्या सुरुवातीचे वार्षिक नियोजन, मग मासिक, मग घटक नियोजन, मग पाठ टाचण अशी उतरंड कागदावर नीट असते, पण तिचा आणि फळ्यापुढे घडणाऱ्या गोष्टींचा संबंध फारच थोड्या ठिकाणी उरला आहे. मला हा प्रश्न कागदपत्रांचा वाटत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांना नीट वाचता, लिहिता आणि विचार करता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी आठवड्याच्या नियोजनावर ठरते. त्यातही मराठी आणि इतिहास-नागरिकशास्त्र हे दोन विषय वेगवेगळ्या वह्यांत, एकमेकांची गाठ न पडता नियोजित होतात आणि त्यात दोघांचेही नुकसान होते. या दोन विषयांचे आठवड्याचे एक समाईक पान असावे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी या नियोजनाचा आजवरचा प्रवास आणि त्याविषयी हाती आलेले ज्ञान यांचा आढावा घेणे आवश्यक आहे.

आपण वापरतो त्या टाचणाचा सांगाडा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतून आला. योहान फ्रिडरिश हर्बर्ट (१७७६-१८४१) यांनी शिकण्याच्या चार अवस्था मांडल्या. पुढे त्सिलर आणि राइन या त्यांच्या अनुयायांनी त्या अवस्थांच्या पाच पायऱ्या केल्या. बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेली हर्बर्टची पंचपदी ती हीच. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन अशी तिची आपल्याकडची ओळख. नवा विचार जुन्या विचारांशी जोडला गेला तरच मनात टिकतो, हे हर्बर्टचे मूळ म्हणणे आजही खरे आहे. पुढे त्याचा साचा झाला. प्रस्तावनेत तीन प्रश्न, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हटकून पाठाचे शीर्षक, मग ‘तर आज आपण पाहू या’, ही चाल सराव पाठात अजूनही दिसते.

दुसरा थर बेंजामिन ब्लूम यांचा. १९५६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच परीक्षा सुधारणेच्या कामासाठी ब्लूम स्वतः भारतात येऊन गेले आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही उद्दिष्टे व त्यांची स्पष्टीकरणे आपल्या टाचणात कायमची बसली. ‘विद्यार्थी स्मरण करतो’, ‘विद्यार्थी फरक सांगतो’ ही वाक्ये तिथली. २०१७ मध्ये एनसीईआरटीने अध्ययन निष्पत्ती जाहीर केल्या तेव्हा त्या जुन्या रकान्यावर नवे नाव आले. निष्पत्तींची यादी खरे तर चांगली आहे. शिक्षकाने काय शिकवले यावरची नजर मुलाला काय जमते याकडे वळावी, हा तिचा हेतू. पण रकाना भरायचा म्हणून निष्पत्तीचा क्रमांक उतरवून काढला तर तो हेतू तिथेच संपतो.

नियोजनाच्या क्रमालाच हात घातला तो अमेरिकेतल्या ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी, १९९८ साली. त्यांचे सांगणे असे की आधी शेवट ठरवा. मुलाला काय समजले पाहिजे हे पहिल्यांदा, ते समजले हे कशावरून ओळखायचे हे दुसऱ्यांदा, आणि वर्गात काय करायचे हे सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा उलटे होते. पुस्तकातला पुढचा पाठ कोणता यावरून आठवडा ठरतो आणि मूल्यमापन चाचणीच्या तारखेवर सोडले जाते. ‘पोर्शन’ संपवण्याच्या घाईत हे घडते, त्याचा सगळा दोष शिक्षकावर टाकता येत नाही. पण आठवड्याचा शेवट आधी लिहून ठेवायला एका ओळीची जागा पुरते.

नियोजनाचे माप आठवडाच का? एक तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. तेवढ्यात एक उतारा वाचून होतो किंवा एक परिच्छेद लिहून होतो, दोन्ही क्वचितच. घटक तीन-चार आठवडे चालतो आणि तेवढ्या काळात शिक्षकाचाही धागा सुटतो. आठवड्यात मात्र वाचणे, बोलणे, लिहिणे, पुन्हा लिहिणे आणि थोड्या अंतराने आठवून पाहणे हे सगळे बसते. यातले शेवटचे सर्वांत दुर्लक्षित आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते. २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले की उतारा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो आठवून लिहिला तर आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. अध्यापनावरचे संशोधन एकत्र करणाऱ्या बराक रोझेनशाइन यांनी चांगल्या शिक्षकांच्या सवयींत रोजची छोटी उजळणी आणि साप्ताहिक व मासिक उजळणी धरली आहे. आपल्याकडे शनिवारची सकाळची शाळा यासाठी आयती आहे. कवायत आणि सफाई झाल्यावर उरलेल्या वेळात पंधरा मिनिटे पुस्तके मिटून आठवड्याचे पाच प्रश्न सोडवणे, यासाठी ना साहित्य लागते ना परवानगी. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या शाळा बहुतांशी आठवड्यातून एकदाच भरतात. त्यांना तर मागच्या भेटीतले आठवून घेण्यापासूनच सुरुवात करावी लागते, आणि ही सवय आपल्या रोजच्या शाळांनीही उचलण्यासारखी आहे.

आता भाषा आणि समाजशास्त्र जोडण्याकडे वळतो. इथे पहिली वस्तुस्थिती पुढे ठेवली पाहिजे ती वाचनाची. ‘असर’च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ६९.६ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे दहांतली तीन मुले आठवीच्या वर्गात बसून दुसरीचे वाचू शकत नाहीत. अशा मुलाच्या हातात इतिहासाचे पुस्तक दिले की त्याला इतिहास येत नाही असे आपण लिहून ठेवतो. तो अडलेला असतो वाक्यावर.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. वाचता येणे हे नुसते अक्षरे जुळवण्याचे कौशल्य नाही, विषय माहीत असावा लागतो. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण तो खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा बरीच सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटच्या वर्णनावर हाच प्रयोग केला तर काय होईल हे कोणत्याही शिक्षकाला सांगता येईल. २०२० मध्ये टायनर आणि कबूरेक यांनी अमेरिकेतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांची माहिती तपासली. ज्या मुलांना समाजशास्त्राला रोज सुमारे अर्धा तास जास्त मिळाला ती पुढे वाचनात पुढे निघाली. भाषेच्या जादा तासांचा तसा लाभ दिसला नाही. वाचन सुधारण्यासाठी इतिहास-भूगोलाचे तास कापून भाषेला देणाऱ्या शाळांनी याचा गांभीर्याने विचार करावा. सातवीच्या मुलाला ‘चौथाई’ आणि ‘सरदेशमुखी’ म्हणजे काय हे नीट समजले, तर त्या काळावरचा मराठीतला कोणताही उतारा त्याच्यासाठी निम्मा सोपा होतो.

भाषेने इतिहासाला काय द्यायचे, याचे उत्तर सॅम वाइनबर्ग यांच्या १९९१च्या अभ्यासात आहे. त्यांनी इतिहासकार आणि शाळेतली हुशार मुले यांना तीच कागदपत्रे वाचायला दिली. मुले मजकुरात काय आहे ते शोधत होती. इतिहासकार मजकूर वाचण्याआधी तो कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, हे पाहत होते आणि एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहत होते. या वाचनाच्या सवयी शिकवता येतात का, हे अवीशाग राइझमन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच सरकारी शाळांत अकरावीच्या वर्गांवर तपासले. सहा महिने रोजच्या तासाला मूळ साधने वाचणाऱ्या वर्गांची ऐतिहासिक विचारशक्ती वाढली. माहितीही जास्त लक्षात राहिली आणि सर्वसाधारण वाचनसुद्धा सुधारले. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती मुले आपल्या गटाहून मोठी होती हे खरे, पण बालभारतीच्या पुस्तकांनी हे दार आधीच उघडून ठेवले आहे. सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही इयत्तांच्या इतिहासात सुरुवातीलाच ‘इतिहासाची साधने’ असा पाठ आहे. भौतिक, लिखित, मौखिक अशी त्यांची विभागणी मुले पाठ करतात, चाचणीत लिहितात आणि वर्षभर पुन्हा एकही साधन हातात घेत नाहीत. पाठ साधनांवर असतो आणि साधन वर्गात येत नाही, ही माझ्या मते आपल्या इतिहास अध्यापनातली सर्वांत मोठी त्रुटी आहे.

विषय जोडण्याचा विचार आपल्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा दिला. हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज यांच्याशी प्रत्येक विषयाचा समवाय साधायचा, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. ती मोलाची होती. तरीही तिच्यावरच्या टीकेत तथ्य होते, कारण अनेक शाळांत समवाय ओढूनताणून झाला आणि टकळीवरून भूगोल काढता काढता भूगोल हरवला. जवळपास त्याच काळात, १९३३ ते १९४१ या वर्षांत, अमेरिकेतल्या तीस शाळांनी कॉलेज प्रवेशाच्या अटींतून सूट घेऊन अभ्यासक्रम मोकळा केला. अनेक ठिकाणी भाषा आणि समाजशास्त्र एकत्र शिकवले गेले. ती मुले पुढे कॉलेजात इतरांहून कुठेही कमी पडली नाहीत, काकणभर सरसच ठरली. महाराष्ट्रात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून प्रकल्पांतून शिकणे रोजच्या शाळेत आणून दाखवले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन-लेखनाचे असेच मूलभूत काम उभे केले. या साऱ्यांतून मी एकच गोष्ट घेतो. जोडणी विषयांच्या नावांची करू नये. एका खऱ्या प्रश्नाला दोन्ही विषय लागत असतील तेव्हाच करावी.

एक आठवडा जवळून पाहू. आठवीच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकातल्या सामाजिक व धार्मिक प्रबोधनाचा पाठ आहे. त्यात महात्मा फुले आणि सावित्रीबाई फुले यांचे कार्य येते आणि मुले वर्षे व संस्था लिहून घेतात. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. लिहिताना ती चौदा वर्षांची होती, आपल्या आठवीच्या मुलांएवढी. पेशवाईत सोसलेला छळ, निवाऱ्याशिवाय होणारी बायकांची बाळंतपणे, आपला धर्म कोणता हा तिचा रोखठोक प्रश्न आणि शेवटी शिकण्याचे आवाहन, एवढे सगळे त्या छोट्या निबंधात आहे. या निबंधाभोवती आठवडा बांधता येतो. आठवड्याचा प्रश्न एकच : शाळेत जायला मिळाल्याने या मुलीला काय करता आले?

सोमवारी मराठीच्या तासाला लेखिकेचे नाव आणि साल न सांगता निबंधाचा एक भाग मोठ्याने वाचायचा. भाषा जुनी आहे, म्हणून शिक्षकानेच वाचावा आणि अवघड शब्द आधी फळ्यावर लिहून ठेवावेत. हे कोणी लिहिले असेल, केव्हा, कोणत्या वाक्यावरून असे वाटले, याची उत्तरे मुलांनी ओळीवर बोट ठेवून द्यायची. मंगळवारी इतिहासाच्या तासाला लेखिकेचे नाव, १८५५ साल, १८१८ मध्ये संपलेली पेशवाई आणि १८४८ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा या गोष्टी कालरेषेवर मांडायच्या. आदल्या दिवशी प्रश्न मनात उभा राहिलेला असल्याने त्या सनावळीला आता जागा मिळते. बुधवारी दुसरे साधन आणावे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतला लग्नानंतर शिकतानाचा एखादा प्रसंग चालेल. दोघीही शिकत होत्या, पण दोघींच्या वाटेतले अडथळे निराळे होते. ते कोणते आणि का, हे मुलांनी दोन रकान्यांत लिहायचे. ज्या मुलांना वाचन जड जाते त्यांच्यासाठी त्या प्रसंगाचे तीन-चार वाक्यांत सोपे रूप आदल्या दिवशीच तयार असले पाहिजे. टाचणात याची नोंद नसेल तर ते ऐनवेळी होत नाही, आणि ती दहांतली तीन मुले बुधवारी वर्गाबाहेर पडल्यासारखी बसून राहतात.

गुरुवार व्याकरणाचा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरी’ ही उभयान्वयी अव्यये आपण एरवी यादी करून शिकवतो. इथे मुलांनी मुक्ताच्या निबंधातला एक युक्तिवाद आपल्या शब्दांत लिहायचा आहे आणि या अव्ययांशिवाय तो लिहिताच येत नाही. शुक्रवारी त्याच परिच्छेदाचे दुसरे लेखन करायचे, शिक्षकाने एका ठिकाणी खूण केलेली, बस. वर्गात चाळीस वह्या असल्या तर प्रत्येकीत एकच खूण करायची, असे ठरवून घेतल्याशिवाय शिक्षकाचा आठवडा पुरा होत नाही. शनिवारी नागरिकशास्त्र. अस्पृश्यता नष्ट करणारा संविधानाचा अनुच्छेद १७ आणि ८६व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्ये आलेला, सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा अनुच्छेद २१-क, हे दोन्ही त्या निबंधाशेजारी ठेवून वाचायचे. मग पुस्तके मिटून पाच प्रश्न.

या आठवड्यात एक काळजी आधी लिहून ठेवली पाहिजे. निबंधात जातींची नावे येतात आणि वर्गात सगळ्या जातींची मुले बसलेली असतात. ‘तुमच्या घरी काय सांगतात’ असा प्रश्न कोणालाही नाव घेऊन विचारायचा नाही. चर्चा निबंधातल्या वाक्यावर ठेवायची. एखाद्या मुलाने आपणहून घरची गोष्ट सांगितली तर ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि कोणी हसले तर तिथेच थांबवायचे. अनुभवी शिक्षकांना हे सांगावे लागत नाही, पण नव्या शिक्षकाच्या टाचणात ते असावे.

दुसरे उदाहरण सहावीचे, थोडक्यात. नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्था आहेत. मराठीत औपचारिक पत्र आहे. ही दोन्ही प्रकरणे बहुतेक शाळांत निरनिराळ्या महिन्यांत शिकवली जातात आणि मुले पाणपोईसाठी काल्पनिक नगराध्यक्षांना काल्पनिक पत्रे लिहितात. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमारास आपल्याकडे गावोगावी ग्रामसभा होतात. त्याआधीचा आठवडा या कामाला घेतला, शाळेसमोरच्या गटाराचा किंवा हातपंपाचा खरा प्रश्न घेऊन अर्ज लिहिला आणि त्याची पोच घेतली, तर ग्रामपंचायत, ग्रामसेवक, ठराव हे शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. वार्षिक नियोजन करताना कॅलेंडर समोर ठेवायचे ते यासाठी.

जोडणी कुठे करू नये, हेही स्पष्ट असावे. कवितेला माहितीचे गाठोडे करू नये. वारकरी संतांच्या अभंगांचा मध्ययुगीन महाराष्ट्राच्या पाठाशी संबंध आहे, पण मराठीच्या तासाला अभंग आधी म्हटला जावा, त्याची लय मुलांच्या कानात बसावी. त्यातून समाजस्थिती काढण्याचे काम इतिहासाच्या तासाने नंतर करावे. पोवाड्याचे निराळे आहे. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा हे स्वतःच एक साधन आहे आणि तो कोणी, कोणासाठी रचला हा प्रश्न त्याची रंगत कमी करत नाही. सभासदाच्या बखरीतले दोन परिच्छेद त्याच्याजवळ ठेवले की एकच घटना दोन लेखण्यांतून कशी निराळी दिसते हे मुलांना आपोआप दिसते. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पोआतवाँ यांनी जमवलेला त्यांचा प्रचंड संग्रह आज ऐकायलाही उपलब्ध आहे. मौखिक साधन म्हणजे काय हे समजावण्यासाठी दुसरे काही शोधायची गरज नाही. भाषेचा निम्मा वेळ मात्र भाषेसाठीच राखून ठेवावा. गोष्ट गोष्ट म्हणून वाचणे हा मुलांचा हक्क आहे.

हे कोणी करायचे? शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. ही तरतूद चांगली आहे, पण शहरातल्या मोठ्या शाळांत तिच्यामुळे भाषेच्या बाई आणि इतिहासाचे सर यांची गाठ फक्त चहाच्या सुट्टीत पडते. छोट्या जिल्हा परिषद शाळांत अनेकदा एकच गुरुजी दोन्ही विषय शिकवतात, आणि कधी सहावी-सातवी एकत्र बसवून. त्यांच्यावर भार जास्त आहे यात शंका नाही. पण समाईक आठवडा आखण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि साधनांचा आठवडा दोन्ही इयत्तांना एकत्र घेता येतो, कारण तो पाठ दोन्हींकडे आहे. बहुवर्ग अध्यापनाची ही ताकद आपल्या प्रशिक्षणांत कधी सांगितली जात नाही.

तयार टाचणांचा प्रश्न गंभीर झाला आहे. व्हॉट्सॲपवर संपूर्ण वर्षाचे टाचण पीडीएफमध्ये मिळते. आता एआयला पाठाचे नाव सांगितले की मिनिटभरात उद्दिष्टांसह टाचण येते. ज्या शिक्षकावर कागदांचा एवढा भार आहे त्याने ते उतरवून घेतले तर त्याला नावे ठेवायला माझे मन धजत नाही. पण त्या टाचणाला माहीत नसते की आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलीला जोडाक्षरे अडतात, आणि गावात सध्या कशावरून वाद चालला आहे. तयार टाचण कच्चा माल म्हणून घ्यावे. त्यावर आपल्या वर्गाच्या तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय ते वापरू नये. आणि तपासणाऱ्यांनी बाकी सगळे सोडून त्या तीन ओळीच वाचाव्यात.

तपासणीची पद्धत बदलायला जपानचा अनुभव उपयोगी आहे. तिथल्या ‘जुग्यो केन्क्यू’ या प्रथेत काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात आणि मग सगळे मिळून पाठ सुधारतात. स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या १९९९च्या पुस्तकामुळे ती जगभर माहीत झाली. आपल्याकडे दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. परिपत्रकांच्या वाचनात तिचा बराच वेळ जातो. तिच्यातला एक तास एखाद्या शाळेच्या खऱ्या वर्गात, असा एक समाईक पाठ पाहण्यासाठी दिला तर केंद्रप्रमुखांना शंभर वह्यांवर सह्या करण्यापेक्षा जास्त कळेल, आणि शिक्षकांनाही टाचणाचा उपयोग दिसेल.

शासनाकडे मागायच्या गोष्टी थोड्या आहेत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, हे कायद्याच्या कलम २७ मध्येच आहे. त्याचा अर्थ काटेकोर लावावा. ४५ तासांत धरलेल्या तयारीच्या तासांना वेळापत्रकात दिसेल अशी जागा द्यावी. आणि बालभारतीने सहावी ते आठवीच्या इतिहासासाठी दहा-बारा मूळ साधनांचा, सोप्या टिपांसह, एक छोटा संच काढावा. मुक्ता साळवेंचा निबंध त्यात पहिला असावा.

त्याची वाट पाहत थांबण्याचे मात्र कारण नाही. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना मुख्याध्यापकांनी मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना शनिवारी एक तासिका एकत्र मोकळी द्यावी, आणि त्या तासाला दोघांनी पुढच्या आठवड्याचे एक पान मिळून लिहावे. त्यावर आठवड्याचा प्रश्न, दोन साधने, शुक्रवारचे लेखन, मागे पडलेल्या मुलांची नावे आणि त्यांच्यासाठीची सोय एवढेच असू द्यावे. पहिल्या सत्रातले चार आठवडे असे आखून पाहा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्या चार आठवड्यांतले मुलांचे लेखन इतर आठवड्यांतल्या लेखनाशेजारी ठेवून स्वतःच वाचा.